'अथांग'ची लांबी

तेजल मगदूमला पहिला संशय आला, तो खेळ आवडला म्हणून.

पुण्याच्या खेळ-कालमापन केंद्रात ती परीक्षक होती. बाजारात येणारा प्रत्येक खेळ आधी तिच्यासारख्या कुणीतरी खेळून बघायचा आणि मग त्याच्या वेष्टनावर लांबीचा कोणता आकडा छापायचा ते ठरायचं. खेळ चांगला की वाईट, हे सांगणं तिचं काम नव्हतं. तो किती लांब आहे, एवढंच. लांबी फुगवण्याच्या कंपन्यांच्या सगळ्या खोड्या तिला तोंडपाठ होत्या. एकच पूल पुन्हा पुन्हा ओलांडायला लावायचा, किल्ली डोंगराच्या एका टोकाला आणि कुलूप दुसऱ्या टोकाला ठेवायचं, एखाद्या म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी न संपणारं भाषण घालायचं. केंद्रातले लोक याला भरताड म्हणत. तेजलला भरताडाचा वास लांबून यायचा. वाण्याकडे पावशेर शेंगदाणे घेतानाही तिची नजर काट्यावरून हलत नसे, आणि याबद्दल घरी तिची पुष्कळ थट्टा व्हायची.

'अथांग'मध्ये भरताड नव्हतं. एक होडी, एक नावाडी, सात बेटं. प्रत्येक बेट आधीच्यापेक्षा वेगळं. खेळ संपवून तिनं कपाळावरचा पट्टा काढला तेव्हा तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि मोजणी यंत्राच्या पडद्यावर तीनशे तासांच्या वरचा आकडा दिसत होता. तिनं तो दोनदा वाचला. आजवर कुठल्याही खेळानं त्याच्या चौथाईपर्यंतसुद्धा मजल मारली नव्हती.

हे तास म्हणजे घड्याळाचे तास नव्हेत. खेळ घड्याळावर विकले जाण्याचे दिवस मागे पडले होते. माणसाच्या डोक्यात घड्याळ नसतंच. एखादा काळ मागे वळून बघताना किती लांब वाटावा, हे मेंदू ठरवतो ते त्या काळात किती नव्या आठवणी साठल्या यावरून. म्हणून ऑफिसातला आख्खा महिना चिमटीत मावतो आणि चार दिवसांची सहल महिनाभर चालल्यासारखी वाटते. कपाळपट्ट्यानं नेमकं हेच हेरलं होतं. कानशिलांवर बसणाऱ्या त्याच्या दोन चकत्या ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी मेंदूत खोलवर, आठवणी जिथे घडतात त्या हिप्पोकॅम्पसपर्यंत पोहोचवायच्या आणि खेळातल्या बारीकसारीक घटनेलाही 'हे नवं आहे, जपून ठेव' असा शिक्का मारायला लावायच्या. तासभर खेळून माणूस उठायचा तो दोन-तीन दिवस फिरून आल्यासारखा. या वाटणाऱ्या तासांना लोक भासतास म्हणू लागले. दुकानात शिरलं की पहिला प्रश्न हाच, "भासतास किती?" किंमत त्यावर ठरायची, भांडणंही त्यावरूनच व्हायची, आणि त्या भांडणांतूनच सरकारनं हे केंद्र काढलं होतं.

"तीनशे?" केंद्राच्या प्रमुख डॉ. वासंती प्रभुदेसाई चष्मा वर सरकवत म्हणाल्या. "बाकीच्या दोघा परीक्षकांचाही आकडा आसपासच आहे. मग अडचण कुठे आहे?"

"मॅडम, एवढ्या लांबीचा खेळ लिहायला माणसं किती लागतील? चित्रं, आवाज, पात्रं? ही कंपनी तर एका गाळ्यातून चालते. आणला कुठून त्यांनी एवढा माल?"

"खेळाडूनुसार खेळ बदलतो, असं त्यांनी कळवलंय. तात्पुरतं प्रमाणपत्र दिलेलंच आहे, खेळ बाजारात आहे. लोक खूश आहेत. तू सही कर आणि पुढचा घे."

प्रभुदेसाई मॅडम सही करायची घाई कधी करत नसत. तेजलनं ही गोष्टही मनात टिपून ठेवली. मग जेवणाच्या सुट्टीत तिनं बाकीच्या दोघांना सहज विचारल्यासारखं विचारलं, तिसऱ्या बेटावर तुम्हाला काय दिसलं? एकाला दौंडसारख्या कुठल्याशा गावातलं रेल्वे क्वार्टर दिसलं होतं, अंगणात आंब्याचं झाड. दुसरीला शाळेचा लांबलचक व्हरांडा आणि फुटक्या घंटेचा आवाज. तेजलला दिसला होता नदीचा घाट. पायऱ्यांवर नावाडी एका लहान मुलीच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधत होता आणि म्हणत होता, "डब्यावर भरवसा ठेव, पण थोडाच."

हे वाक्य तिच्या वारलेल्या वडिलांचं, अण्णांचं होतं. तिला आणि दादाला त्यांनी कृष्णेत पोहायला शिकवलं तेव्हाचं.

संध्याकाळी तिनं सांगलीला दादाला फोन लावला. सन्मती मगदूम हळदीचा व्यापारी होता आणि जिन्नस कुठलाही असो, पैशाला किती पडला हे काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. 'अथांग' त्यानं बाजारात आला त्याच आठवड्यात घेतला होता.

"आतापर्यंत चार वेळा खेळून झाला," तो उत्साहानं सांगू लागला. "आणि दर वेळी नवीन निघतंय बघ. सिनेमाच्या तिकिटात दीड-दोन महिन्यांची सफर. तूच हिशेब कर की, तासाला किती पडलं ते!"

"दादा, तुला घाट दिसला का रे? अण्णा डबा बांधायचे तो?"

"नावाड्याचं म्हणतीस होय? दिसला की. लई झकास माणूस. मला पोहायला त्यानंच शिकवलं."

"नावाड्यानं नाही, अण्णांनी. आपल्या घाटावर."

"अण्णा कशाला शिकवतील? अण्णांना कुठं पोहता येत होतं, तेजू?"

तिला आधी वाटलं, हा चेष्टा करतोय. दादा लहानपणी सरळ चेहऱ्यानं थापा मारण्यात पटाईत होता. पण फोन ठेवल्यावर दुसराच विचार तिच्या मानेवर येऊन बसला. दादाचं बरोबर असेल तर? खेळ तिनंही खेळला होता. घाट, डबा, ते वाक्य खेळातच भेटलं असेल आणि तिच्याच मेंदूनं ते अण्णांच्या नावावर टाकलं असेल तर? तिनं डोळे मिटून अण्णांचा ओला चेहरा आठवायचा प्रयत्न केला. चेहरा आला. पण त्याच्या डोक्यावर नावाड्याचं मुंडासं होतं, आणि ते काही केल्या उतरेना.

शनिवारी ती सांगलीला गेली.

"अण्णांना पोहता येत नव्हतं?" आईनं चपाती तव्यावर तशीच सोडून मागे वळून बघितलं. "अगं, गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनीच शिकवलं की. उन्हाळ्यात पहाटे उठवून न्यायचे तुम्हाला. हा सन्मती तर रडून गोंधळ घालायचा."

दादा ताटावरून उठला नाही, पण त्याचा घास हातातच राहिला. "आई, तू मला उगंच काहीतरी सांगायलीस. तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंय काय?"

"आम्ही कशाला ठरवू?"

"मग मला का आठवत नाही? मला नावाडी आठवतोय. त्याचा हात आठवतोय, पाण्याचा वास आठवतोय. आणि हे सगळं खेळातलं आहे, हेही मला पक्कं माहीत आहे." तो तेजलकडे वळला. त्याच्या डोळ्यांत जो संशय होता तो तिला ओळखीचा होता. ती रोज तो घेऊन कामावर जायची. "तुझ्या केंद्राला हा खेळ पाडायचा आहे, असं तर नाही ना? म्हणून आईला पढवलंस?"

"दादा, तुला पोहता येतं का?"

"खेळात येतं."

"खऱ्या पाण्यात?"

"ते बघायला पाहिजे," तो ताट सरकवून म्हणाला. आईनं गॅस बंद केला.

घाटावर ऊन कलतं होतं. वरच्या अंगाला मगर दिसल्याची पाटी होती, म्हणून तेजलनं त्याला पायऱ्यांच्या जवळच, दोर धरून उतरायला लावलं. आई वर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना उगीचच काहीबाही सांगत होती. दादा गुडघाभर पाण्यात गेला, कमरेभर गेला, थांबला. घाबरलेलं लहान पोर असावं तसा त्यानं मागे वळून बघितलं. मग एकदम अंग झोकून दिलं आणि पोहू लागला.

तेजलनं वरच्या पायरीवरच तोंडावर हात ठेवला. साखर कारखान्यात फिटर असताना अण्णांच्या डाव्या खांद्यावर साखळी पडली होती. तेव्हापासून तो हात खांद्याच्या वर जात नसे. ते पोहायचे ते उजव्या हातानं लांब ओढ घेत, आणि डाव्या हातानं पाण्यावर नुसती थाप मारल्यासारखं करत. त्यांच्याकडून शिकलेली पोरंही तशीच पोहायची, धड खांदे असून. दादाचा डावा हात आत्ता अर्ध्यातून खाली येत होता. थाप. पुन्हा थाप.

"नावाडी कसा पोहतो रे?" तो बाहेर आल्यावर तिनं विचारलं.

"दोन्ही हात वर काढून." तो स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तेजू, मग मला हे कुणी शिकवलं गं?"

आईनं वरून टॉवेल आणून त्याच्या डोक्यावर टाकला आणि लहानपणी पुसायची तसं खसाखसा पुसायला लागली. त्यानं पुसू दिलं.

परतीच्या वाटेवर तेजलच्या मनात सगळं जुळत गेलं. पोहणं, सायकल, शिवणकाम या गोष्टी शरीर लक्षात ठेवतं, आणि त्यांची जागा मेंदूत वेगळी असते. तिथे पट्ट्याच्या लहरी पोहोचत नव्हत्या. पण अण्णा, घाट, पहाटेची थंडी ही सगळी आठवण हिप्पोकॅम्पसच्या राज्यातली. आणि आठवण ही कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी नसते. ती काढली की ओल्या मातीसारखी मऊ होते, आणि परत ठेवताना मेंदू ती नव्यानं थापतो. 'अथांग' एवढंच करत होता. खेळाडूची एखादी जुनी, जिवाची आठवण जागी करायची, ती मऊ असतानाच तिला खेळातले कपडे चढवायचे, आणि 'हे नवं आहे, खेळातलं आहे' असा शिक्का मारून परत ठेवायची. चित्रं काढायला नकोत, पात्रं लिहायला नकोत. माल खेळाडूच्याच घरातला. दर वेळी नवीन निघत होतं, कारण माणसाकडे आठवणी पुष्कळ असतात. संपेपर्यंत.

सोमवारी तिनं हे सगळं प्रभुदेसाई मॅडमना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तेव्हा तेजलला पुन्हा वाटलं, या जरा जास्तच शांत आहेत. कंपनीचं कुणी आधीच येऊन गेलंय का?

"तुझे बंधू कसे पोहतात, हा पुरावा नाही, तेजल."

"मला माहीत आहे."

"आणि मी घाई करत होते ती एवढ्याचसाठी की वरून रोज फोन येतोय. लोक सुखी आहेत आणि तुम्ही अडवून बसलात, म्हणतात. त्यांना दाखवायला माझ्या हातात काहीतरी भक्कम हवं. तू ते दिलंस तर मी तुझ्या मागे उभी राहीन."

तेजलला थोडी लाज वाटली आणि थोडा संशय उरलाच.

पहिलं काम सोपं होतं. केंद्राच्या तंत्रज्ञानं पट्ट्यातल्या लहरींचा जुन्या आठवणी जाग्या करणारा भाग बंद केला आणि दुसऱ्या परीक्षकाला खेळायला बसवलं. होडी होती, नावाडी होता, समुद्र होता. बेटं मात्र ओसाड निघाली. नुसती वाळू आणि मधोमध एक बंद दार. पडद्यावर आकडा आला, अडीच.

"तुम्ही आमचा खेळ मोडून मोजलात," कंपनीनं त्याच दिवशी उलट कळवलं. "गाडीचं इंजिन काढून ती किती धावते, हे कुणी मोजतं का?"

उत्तर बिनतोड होतं. आता खेळण्याआधी आणि खेळल्यानंतर माणसाच्या आठवणींत काय फरक पडतो, हे कॅमेऱ्यासमोर दाखवावं लागणार होतं. त्यासाठी एक माणूस हवा होता, आणि त्याच्या आठवणी खऱ्या की खोट्या हे सांगू शकणारा दुसरा.

"आपण जाहिरात देऊन स्वयंसेवक बोलावू," मॅडम म्हणाल्या.

"काय होतं ते माहीत असताना परक्या माणसाला बसवू?" तेजल म्हणाली. "मी बसते. प्रश्न आई विचारेल."

आई सांगलीहून आली ती दशम्यांचा डबा घेऊन. केंद्राच्या छोट्या खोलीत, कॅमेऱ्यासमोर ती अवघडून बसली आणि एकेक प्रश्न विचारू लागली. बाहुबलीच्या डोंगरावर तू कुणाच्या खांद्यावर बसून गेलीस? पहिल्या पगाराचं काय आणलंस? अण्णा दवाखान्यात होते तेव्हाचं सांग. तेजल बोलत गेली. मध्येच हसली, मध्येच थांबली, पाणी प्यायली. मग आईनं तिचा हात धरला. "तेजू, हे एवढं करायलाच पाहिजे काय गं?"

"दादासारखी किती माणसं असतील, आई. त्यांना कळतसुद्धा नाहीये."

तिनं पट्टा बांधला आणि 'अथांग' तीन वेळा खेळली. तिन्ही वेळा ती हसतमुखानं, ताजीतवानी होऊन उठली. त्या हसण्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आईनं तेच प्रश्न पुन्हा विचारले. बाहुबलीचा डोंगर तिला आठवत होता. पगाराची साडीही. अण्णांचा डबा सुटून गेला होता, आता तो नावाड्याचाच होता. आणि दवाखान्याचं आईनं विचारलं तेव्हा तेजल म्हणाली, "मिरजेला होते ना ते. मी पुण्याहून गेले होते. पोहोचेपर्यंत ते झोपले होते. बोलणं झालंच नाही."

आईचा चेहरा बघून तिला कळलं.

मॅडमनी आधीचं चित्रण लावलं. पडद्यावर तेजल होती, निळा कुर्ता घातलेली, आणि सांगत होती: "खोलीत मी एकटीच होते. आई घरी आंघोळीला गेली होती. अण्णांनी मला पुण्याच्या नव्या फ्लॅटचं सगळं विचारून घेतलं. ऊन कुठून येतं, ओटा कुठल्या भिंतीला आहे. पडल्या पडल्या घरभर फिरले म्हणा ना. मग म्हणाले, तुझ्या न्हाणीचा नळ गळतोय, फोनवर मागून ऐकू येतो मला, वायसर बदलून घे. आणि म्हणाले, सन्मतीशी भांडू नकोस. तो मोजतो, पण देतो. मग म्हणाले, झोपतो आता."

पडद्यावरच्या बाईनं इथे डोळे पुसले. खुर्चीतल्या तेजलला काहीच झालं नाही. एखाद्या शेजारणीची हकीकत ऐकावी तसं तिनं ते ऐकलं. हे चित्रण कुणी बदललं असेल का, असंही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. खोलीत हुंदक्याचा आवाज आला तो आईचा होता, आणि चष्मा काढून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या त्या मॅडम होत्या.

निकाल त्याच आठवड्यात लागला. केंद्रानं दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, या खेळानं माणसाच्या स्वतःच्या आठवणी कायमच्या खेळाच्या होतात. दोन, खेळाची स्वतःची लांबी अडीच भासतास. प्रमाणपत्रावर मॅडमनी स्वतः, सगळ्यात वर सही केली.

पहिल्या गोष्टीनं कुणाला फारसा फरक पडला नाही. वाहिन्यांवर दोन दिवस चर्चा झाल्या. एक तरुण म्हणाला, "जुन्या आठवणी तशाही पडूनच असतात, त्यांचं काहीतरी होतंय हे काय वाईट आहे?" एक बाई म्हणाल्या, माझ्या काही आठवणी गेल्या तर मी उलट जास्त पैसे देईन. यावर स्टुडिओतले लोक हसले. कंपनीनं वेष्टनावर बारीक अक्षरांत सूचना छापली आणि खेळ पूर्वीसारखाच खपत राहिला. ते आकडे बघताना तेजलला वाटलं, आपण जे घालवलं ते फुकट गेलं.

पण मग नव्या वेष्टनांवर नियमानं अडीचचा आकडा आला, आणि लोक खवळले. अडीच तासांना एवढे पैसे? इतर खेळ याच किमतीत चाळीस-चाळीस देतात! दुकानांपुढे रांगा लागल्या, परत करायला. ज्यांनी तीनशे तास अनुभवले होते, डोळे भरून आल्याचं ज्यांनी स्वतः लिहिलं होतं, तेही आता फसवणुकीच्या तक्रारी घेऊन उभे राहिले. पावसाळा संपायच्या आत तो गाळा बंद झाला. आपलं काय गेलं, यावरून कुणीच विशेष भांडलं नाही. आपल्याला कमी मिळालं, हे मात्र कुणालाच सहन झालं नाही. मॅडम म्हणाल्या, खेळ बंद झाला ना, कारण काहीही असो. तेजल हो म्हणाली. पण बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसांकडे ती आता निराळ्या नजरेनं बघायची. यांच्यापैकी कुणाकुणाचं काय काय गेलं असेल, आणि ते किती आनंदात आहेत!

दादा दिवाळीनंतर पुण्याला आला. आल्या आल्या म्हणाला, "अडीचच तास? चोर लेकाचे!" तेजलला हसावं की रडावं कळेना. मग जेवण झाल्यावर बडीशेप चघळत तो म्हणाला, "आईनं सांगितलं मला. ते चित्रण आहे ना तुझ्याजवळ? त्यात अण्णा माझ्याबद्दल काहीतरी म्हणालेत म्हणे."

तिनं लावलं. दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसले आणि निळ्या कुर्त्यातल्या त्या बाईचं बोलणं ऐकलं. 'तो मोजतो, पण देतो' हे वाक्य आलं तेव्हा दादानं चघळणं थांबवलं.

"असं म्हणाले अण्णा?"

तेजल पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत होती. कंपन्यांची माणसं खोटं बोलताना जिथे नजर टाकतात तिथे त्या बाईची नजर जाते का, ते शोधत होती. हे बोलणं तिनं दादा नदीतून बाहेर आला त्यानंतर केलं होतं. त्या दिवशी नदीवर तिला त्याची फार दया आली होती. दयेपोटी माणूस एखादं वाक्य बापाच्या तोंडी घालतं. खोलीत तेव्हा तिसरं कुणी नव्हतं. विचारावं असं माणूस एकच होतं, ते पडद्यावर होतं, आणि ते तीच होती.

"मला माहीत नाही, दादा," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. म्हणाले असतील. किंवा तुला बरं वाटावं म्हणून मी घातलं असेल."

"तू तसं करशील काय?"

"तेव्हाची मी काय करेन, ते आता मला कसं सांगता येईल?"

एखाद्या पोत्यातून मूठभर हळद घेऊन ती उन्हात धरावी तसा दादा त्या वाक्याकडे बघत असावा. मग त्यानं तिच्या मांडीवरचा रिमोट उचलला, उलटसुलट करून बघितला, कुठलं बटण ते त्याला कळेना, आणि त्यानं तो परत तिच्या हातात दिला.

"मागं घे थोडं," तो म्हणाला. "अण्णांनी घराचं विचारलं तिथपासनं लाव."